ठिपक्यांच्या रांगोळीत गणित नेमकं कुठे असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आठवीत आहे, ठिपक्यांच्या रांगोळ्या फार सुरेख काढते, पण गणिताचं नाव काढलं की तोंड फिरवते. शाळेच्या प्रदर्शनात 'गणित आणि कला' हा विषय तिच्या वाट्याला आलाय आणि 'रांगोळीत सुवर्ण गुणोत्तर दाखव' असं तिला सुचवलं गेलंय. ती म्हणते, माझ्या रांगोळीत असलं काही नाहीच, उगाच ओढूनताणून कशाला आणायचं? तुम्ही विचारताय की गणित आणि कला यांचा खरंच काही संबंध आहे, की या नुसत्या बोलायच्या गोष्टी? आणि संबंध असेल, तर रांगोळीच्या वाटेने तिचं गणित सुधारेल का?

सगळ्यात आधी मुलीला सांगा की तिचं बरोबर आहे. तिच्या रांगोळीत सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे सुमारे १.६१८ ला १ हे प्रमाण, नाही. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळीत ते येऊच शकत नाही, आणि का येऊ शकत नाही हे आठवीच्या गणिताने सिद्ध करता येतं. ती सिद्धता खाली दिली आहे. माझ्या मते तिच्या प्रकल्पाचा खरा विषय तोच आहे.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि रांगोळी लहानपणापासून काढत आले आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू रोज हाताखालून जातात. 'कलेतलं गणित' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात. एक म्हणजे चित्र पूर्ण झाल्यावर त्यावर गणिताचं नाव चिकटवणं: हा वर्तुळाकार, ही सममिती, हे अमुक गुणोत्तर. ते नाव काढून टाकलं तरी चित्रात काडीचा फरक पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे काढणाऱ्या हातालाच गणिताने काहीतरी सांगणं: इथे ओळी जवळ घे, हे फूल या ठिपक्यांवर बसणार नाही, ही रेघ एकाच दमात पुरी होईल. मी फक्त ही दुसरी गोष्ट मानते. तुमच्या मुलीला खटकलं ते पहिल्या प्रकारचं होतं, आणि ते तिला खटकलं याचा मला आनंद आहे.

आता दुसऱ्या प्रकाराकडे. त्यासाठी मी एकच रांगोळी घेते, '१५ ते ८'. तिला ती माहीत असेलच. मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली दोन ठिपक्यांच्या मध्ये एक या रीतीने १४, १३, १२ असं उतरत शेवटी ८. भोकं पाडलेला कागद वापरला तर ठिपके आयते मिळतात, पण तिने हे ठिपके एकदा तरी हाताने, पट्टी घेऊन मांडावेत.

ठिपके किती होतात? ओळी मोजून बेरीज केली की १६९. पण रांगोळीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं तर बेरीज करावी लागत नाही. मधला एक ठिपका बाजूला ठेवा. उरलेल्यांचे सहा त्रिकोणी तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात १ + २ + ३ असं ७ पर्यंत, म्हणजे २८ ठिपके असतात. सहा गुणिले अठ्ठावीस, अधिक एक: १६९. हाच हिशोब '७ ते ४' ला ३७ देतो, '९ ते ५' ला ६१. छोट्यापासून सुरुवात केली तर १, ७, १९, ३७, ६१ अशी माळ तयार होते. ती एकेक करून मिळवत जा: १, ८, २७, ६४, १२५. हे सगळे घन आहेत. षटकोनी रांगोळ्या एकीवर एक रचल्या की घनाची संख्या का येते, हा प्रश्न तिला विचारा आणि उत्तर लगेच सांगू नका. (ठोकळ्यांचा घन एका कोपऱ्यातून पाहिला की त्याची बाहेरची कड षटकोनी दिसते, एवढी खूण पुरे.)

आता ठिपके मांडण्याकडे वळू. एका ओळीत दोन ठिपक्यांमधलं अंतर ४ सें.मी. घेतलं. पुढची ओळ किती अंतरावर टाकायची? बहुतेक जणी तीही ४ सें.मी.वरच टाकतात, पट्टी तशीच उभी धरून. मग रांगोळी पूर्ण झाल्यावर ती काहीशी उभट दिसते, आणि हात चुकला असं वाटून पाकळ्या पुन्हापुन्हा दुरुस्त केल्या जातात. हात चुकलेला नसतो. मधल्या ठिपक्यापासून शेजारचा ठिपका ४ सें.मी.वर आहे, पण वरच्या ओळीतला ठिपका २ सें.मी. बाजूला आणि ४ सें.मी. वर. पायथागोरसच्या प्रमेयाने ते अंतर ४ आणि १६ यांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ४.४७ सें.मी. आडव्या दोन पाकळ्या ४ च्या आणि तिरक्या चार पाकळ्या ४.४७ च्या, असं ते फूल होतं. सात ठिपके बाहेर गेलं की २८ सें.मी. विरुद्ध ३१.३ सें.मी. असा फरक पडतो आणि तो लांबूनही दिसतो.

सहाही पाकळ्या सारख्या हव्या असतील तर शेजारचे तीन ठिपके समभुज त्रिकोणात यायला हवेत. मग ओळींमधलं अंतर त्या त्रिकोणाच्या उंचीएवढं: बाजूच्या √३/२ पट, म्हणजे सुमारे ०.८६६. ४ सें.मी.साठी ते ३.४६ येतं. पट्टीवर ३.४६ कोण मोजणार? साडेतीन घ्या, फरक नजरेला कळत नाही. अधिक बारकाईने करायचं असेल तर ठिपक्यांत १५ सें.मी. तर ओळींत १३ सें.मी. हे प्रमाण धरा. १३ भागिले १५ म्हणजे ०.८६६७, अगदी जवळ. अंगणात मोठी रांगोळी काढायची असेल तर सुतळीच्या दोन तुकड्यांवर हे प्रमाण एकदा मापून घेतलं की काम झालं.

आता इथे क्षणभर थांबते, कारण माझ्या फार आवडीची जागा आहे ही. १५ ते ८ च्या रांगोळीत १६९ ठिपके आहेत, आणि १६९ म्हणजे १३ चा वर्ग. म्हणजे '१३ ठिपके १३ ओळी' या सरळ चौकोनी रांगोळीत तितकेच ठिपके असतात. '१३ ते १' मध्येही तितकेच, कारण तिच्या तिरक्या ओळी मोजल्या तर १३ ओळी, प्रत्येकीत १३. तीन वेगळ्या आकारांच्या रांगोळ्या आणि ठिपके सारखेच. आणि वर ओळींचं अंतर काढताना आलेले आकडेसुद्धा १३ आणि १५ च. हा योगायोग नाही.

कारण असं आहे. मधल्या ओळीत किती ठिपके आहेत यावरून एकूण ठिपके काढायचं सूत्र सोपं आहे: मधल्या संख्येचा वर्ग करा, तिप्पट करा, १ मिळवा, ४ ने भागा. १५ चा वर्ग २२५, तिप्पट ६७५, अधिक १ म्हणजे ६७६, भागिले ४ म्हणजे १६९. आता ही संख्या वर्ग यायची असेल तर 'एका वर्गाची तिप्पट अधिक १' हा पुन्हा वर्ग असायला हवा. ६७६ आहेच, २६ चा वर्ग. पण ६७५ आणि ६७६ यांत फक्त १ चा फरक आहे, म्हणजेच २६ चा वर्ग हा १५ च्या वर्गाच्या जवळपास तिप्पट. म्हणून २६/१५ हे √३ च्या इतकं जवळ जातं, आणि त्याचं निम्मं १३/१५ हे √३/२ च्या. ठिपक्यांची संख्या आणि ओळींचं अंतर, दोन्ही एकाच समीकरणातून निघालं.

हे समीकरण आपल्याकडे फार जुनं आहे. एखाद्या वर्गाला ठरावीक संख्येने गुणून १ मिळवला की पुन्हा वर्ग कधी येतो, या प्रश्नाला वर्गप्रकृती म्हणत. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये एका उत्तरावरून पुढची उत्तरं काढायची रीत दिली. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात चक्रवाल पद्धतीने अशी समीकरणं सोडवून दाखवली. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. तुम्ही त्या बाजूच्या असाल तर मुलीला घेऊन जरूर जा. आपल्या तिपटीच्या समीकरणाची उत्तरं १, ४, १५, ५६, २०९ अशी चढतात: प्रत्येक वेळी आधीच्याची चौपट करायची आणि त्याच्या आधीचा आकडा वजा करायचा. मधल्या ओळीत विषम ठिपके लागतात, म्हणून ४ आणि ५६ आपल्या कामाचे नाहीत. १५ नंतर थेट '२०९ ते १०५'. त्या रांगोळीत ३२,७६१ ठिपके होतील, म्हणजे १८१ चा वर्ग. मधल्या कुठल्याही षटकोनी रांगोळीतले ठिपके चौकोनात बसत नाहीत. घरोघरी काढली जाणारी १५ ते ८ ही त्या अर्थाने एकटी आहे.

आता जे जमत नाही त्याकडे येते. गणिताची खरी ओळख मला तिथे होते असं वाटतं.

सरळ ठिपक्यांवर, म्हणजे चौकोनी जाळ्यावर, बिनचूक समभुज त्रिकोण काढता येत नाही. आडवा, उभा, तिरका कसाही बसवा, तीनही कोपरे ठिपक्यांवर यायला हवेत एवढीच अट. वर्गात मी हे मुलांना आधी करून पाहायला सांगते. अगदी जवळ जाणारे त्रिकोण सापडतात, मोजपट्टीला फसवतील इतके. पण बिनचूक एकही नाही. कारण सांगते. ठिपक्यांवरच्या कुठल्याही त्रिकोणाभोवती आडव्या-उभ्या रेघांचा आयत काढा. त्यातून कोपऱ्यांचे तुकडे वजा केले की त्रिकोणाचं क्षेत्रफळ उरतं, आणि ते नेहमी पूर्ण चौरसांत किंवा अर्ध्या चौरसांत येतं. समभुज त्रिकोणाचं क्षेत्रफळ मात्र बाजूच्या वर्गाच्या √३/४ पट असतं. बाजूचा वर्ग पायथागोरसप्रमाणे पूर्ण संख्या, त्याला √३ ने गुणलं की अपरिमेय संख्या, म्हणजे साध्या अपूर्णांकात न मांडता येणारी. एकच क्षेत्रफळ परिमेयही आणि अपरिमेयही असू शकत नाही. झालं. त्याच्या उलट, १५ ते ८ च्या जाळ्यावर बिनचूक चौरस बसत नाही, आणि कारण याच जातीचं आहे. म्हणून रांगोळीच्या वहीत सहा पाकळ्यांची फुलं आणि चार पाकळ्यांची फुलं वेगवेगळ्या ठिपक्यांवर असतात. ही रीत हातांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, सिद्धता तिच्यामागचं कारण सांगते.

सुवर्ण गुणोत्तराचं उत्तरही इथेच मिळतं. सरळ ठिपक्यांवर दोन ठिपक्यांमधल्या अंतराचा वर्ग ही पूर्ण संख्या असते (आडव्या घरांचा वर्ग अधिक उभ्या घरांचा वर्ग). १५ ते ८ सारख्या नीट मांडलेल्या जाळ्यावरही ती पूर्णच येते. मग कुठल्याही दोन अंतरांचं गुणोत्तर घेऊन त्याचा वर्ग केला तर साधा अपूर्णांक मिळणार. सुवर्ण गुणोत्तर म्हणजे १ आणि √५ यांची बेरीज भागिले २, सुमारे १.६१८, आणि त्याचा वर्ग सुमारे २.६१८. त्या वर्गात √५ तसंच उरतं, म्हणजे तो अपरिमेय आहे. अपरिमेय संख्या साध्या अपूर्णांकाएवढी कधीच नसते. म्हणून ठिपक्यांमधल्या कुठल्याही दोन अंतरांत बिनचूक सुवर्ण गुणोत्तर येणं अशक्य. ८:५ किंवा १३:८ अशी जवळची गुणोत्तरं येतील, पण जवळचं म्हणजे तेच नव्हे, आणि जाळ्यावर ८:५ बरोबर ९:५ आणि ७:५ ही येतातच.

याचाच एक परिणाम तिच्या हाताने नक्की अनुभवला असेल. नियमित पंचकोनात कर्ण आणि बाजू यांचं गुणोत्तर सुवर्ण गुणोत्तर असतं. ते ठिपक्यांवर येत नाही, म्हणून नियमित पंचकोनही ठिपक्यांवर येत नाही, म्हणून पाच सारख्या पाकळ्यांचं बिनचूक फूल ठिपक्यांवर येत नाही. जास्वंद, सदाफुली ही आपल्या अंगणातली फुलं पाच पाकळ्यांची. ठिपक्यांच्या रांगोळीत ती आली की एक तर पाकळ्या कमीजास्त होतात, नाहीतर मुक्तहस्त काढावी लागतात. दोऱ्याने वर्तुळ आखून काढायच्या रांगोळीत पाच पाकळ्या सहज बसतात, कारण तिथे जाळ्याची अट नाही. त्या पंचकोनात सुवर्ण गुणोत्तर खरोखर आहे. तिला ते दाखवायचंच असेल तर तिथे दाखवावं.

पाचाची ही अडचण फक्त अंगणातली नाही. स्फटिकातले अणूही जाळ्यावर रचलेले असतात, म्हणून स्फटिकात पाचपदरी सममिती (पूर्ण फेरीच्या पाचव्या हिश्शाने फिरवलं तरी रचना तशीच दिसणं) असू शकत नाही असं शास्त्रज्ञ मानत आले होते. १९८२ मध्ये डॅन शेश्टमन यांना एका मिश्रधातूत ती दिसली. अणूंची रचना नियमबद्ध होती, पण रांगोळीच्या जाळ्यासारखी पुन्हापुन्हा तीच येत नव्हती. त्यांना आधी खूप टीका सोसावी लागली आणि २०११ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधीच सत्तरच्या दशकात रॉजर पेनरोज यांनी दोन प्रकारच्या फरशांनी अशी, कधीही तंतोतंत पुन्हा तीच न येणारी, पाचपदरी नक्षी रचून दाखवली होती. नक्षी आधी आली, पदार्थ नंतर सापडला.

आठ पाकळ्यांचं कमळ सरळ ठिपक्यांवर काढतात, तिथे मात्र एक युक्ती चालते. उभ्या-आडव्या पाकळीला ७ घरं घ्या आणि तिरक्या पाकळीला ५. तिरक्या ५ घरांचं अंतर ५√२, म्हणजे ७.०७. ७ आणि ७.०७ मधला फरक रांगोळीच्या रेघेच्या जाडीत जिरून जातो. दोन्हीकडे सारखीच घरं मोजली तर तिरक्या पाकळ्या दीडपटीच्या जवळ लांब होतात आणि कमळ चौकोनी दिसायला लागतं.

एक वेगळा प्रकार सांगायलाच हवा, तो तमिळनाडूचा. आपण ठिपके रेघेने जोडतो, तिथल्या शिक्कु कोलममध्ये रेघ ठिपक्यांना न शिवता त्यांच्याभोवती वळसे घेत जाते आणि जिथून निघाली तिथे येऊन मिळते. साधा आयताकृती कोलम घ्या: ठिपके ओळीत, रेघ तिरकी जाणारी, कडेला आली की वळणारी. ३ × ४ ठिपक्यांवर एकाच रेघेत सगळे ठिपके वेढले जातात. ४ × ६ वर दोन वेगळी वेटोळी लागतात. ३ × ३ वर तीन. किती वेटोळी लागतील? दोन संख्यांचा जो मसावि, तितकी.

सहावी-सातवीत मुलं मसावि-लसावि रडतखडत करतात, आणि तो इथे डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्येक ठिपक्याभोवती एक घर कल्पा. प्रत्येक घरात रेघेचे चार छोटे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा अर्धं घर आडवा सरकतो. म्हणजे सगळी रेघ मिळून आडवी जेवढी चालते ते अंतर ठिपक्यांच्या संख्येच्या दुप्पट. आता एक वेटोळं कधी पुरं होतं? रेघ आडवी जाऊन-येऊन आणि उभी जाऊन-येऊन, दोन्ही फेऱ्या एकाच वेळी संपतील तेव्हा. म्हणजे लसाविच्या दुप्पट चालल्यावर. एकूण अंतराला एका वेटोळ्याच्या अंतराने भागलं की दोन संख्यांचा गुणाकार भागिले लसावि, आणि तोच मसावि. पुस्तकात पाठ केलेला 'गुणाकार बरोबर मसावि गुणिले लसावि' हा नियम हाच. आफ्रिकेत अंगोलातले चोक्वे लोक वाळूत अशीच रेखाचित्रं काढतात, त्यांना सोना म्हणतात. मोझांबिकचे गणितज्ञ पाउलुस गेर्डेस यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. दोन दूरच्या समाजांनी ठिपके आणि न तुटणारी रेघ ही एकच अट घेतली आणि दोघांनाही मसावि भेटला.

काठांबद्दल थोडक्यात. एका दिशेने पुन्हापुन्हा येणारी नक्षी, मग ती साडीचा काठ असो, खणाची किनार असो की रांगोळीची महिरप, सममितीच्या दृष्टीने फक्त सात प्रकारची असते. सतराशे साठ काठ असले तरी प्रकार सातच. पूर्ण प्रतल भरणाऱ्या नक्षीचे सतरा. घरातल्या साड्या काढून त्यांचे काठ या सातांत वाटून पाहा, एखाद्या सुट्टीच्या दुपारचं छान काम आहे.

आता गुणांचा प्रश्न. इथे मला सावधपणे बोलायला हवं, कारण ते तिला गणित का नको वाटतं यावर अवलंबून आहे. 'हे सगळं कशासाठी' असं वाटून ती विटली असेल, तर रांगोळीतून फरक पडताना मी पाहिलंय. √३ कुठे लागतो हे हाताला कळलं की तो आकडा परका राहत नाही. अपूर्णांकांचे हिशोब, चिन्हांचे नियम कच्चे राहिल्यामुळे पुढचं काही कळत नसेल, तर रांगोळी त्यावर उपाय नाही. तिथे जुनी वही उघडून, कुठे सुटलं ते शोधून, सराव करावा लागेल. आणि वेळेत पेपर सोडवण्याची भीती असेल, तर तो तिसराच प्रश्न. तिच्या शेवटच्या दोन चाचण्यांचे पेपर घेऊन बसलात तर यातलं काय आहे ते तुम्हालाच दिसेल. रांगोळी चांगली काढणाऱ्या मुलांना सममिती, भूमिती लवकर उमगते हा माझा अनुभव आहे. बीजगणित आपोआप येतं असा अनुभव नाही.

आणि कृपा करून तिच्या प्रत्येक रांगोळीचा धडा करू नका. कोणते ठिपके कसे जोडता येतील ते गणित सांगतं. पण त्यांतली कोणती जोडणी डोळ्यांत भरते, गुलाबीशेजारी पोपटी द्यायचा की जांभळा, रेघ कुठे नाजूक आणि कुठे ठसठशीत, हे तिचंच आहे. त्यात गणित घुसवलं तर गणिताबरोबर रांगोळीही नकोशी होईल, आणि ते नुकसान मोठं.

प्रकल्पासाठी माझं म्हणणं असं. सुचवलेला विषय मोडीत काढू नका, उलटा करा: 'ठिपक्यांच्या रांगोळीत सुवर्ण गुणोत्तर का येत नाही?' वर दिलेली सिद्धता एका तक्त्यावर मावते, आणि परीक्षकांनी काही विचारलं तर तिला ती स्वतः समजलेली असेल, पाठ केलेली नसेल. शेजारी दोन रांगोळ्या काढू दे. एक १५ ते ८, ओळींचं अंतर ठिपक्यांच्या अंतराएवढं ठेवून. दुसरी तीच, पण १५ ला १३ या प्रमाणात. रंग, रेघा सगळं सारखं. बघणाऱ्यांना आधी विचारावं की कोणती नीट दिसते, मग दोऱ्याने पाकळ्या मोजून दाखवाव्यात. पाच पाकळ्यांचं वगैरे तिसरं काही काढायचंच असेल तर पंचकोनाचं फूल दोऱ्याच्या वर्तुळावर काढावं आणि त्यात कर्ण-बाजू मोजून १.६१८ च्या किती जवळ जातं ते लिहावं. शंखशिंपल्यांचे, ग्रीक देवळांचे छापील फोटो लावू नका. नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शिंपल्याला सुवर्ण सर्पिल, म्हणजे दर पाव फेऱ्यात सुवर्ण गुणोत्तराने वाढणारं वेटोळं, म्हणतात, पण सुवर्ण सर्पिल एका फेऱ्यात सुमारे ६.८५ पट मोठा होतो आणि तो शिंपला साधारण तिप्पट. सूर्यफुलाच्या बियांच्या ओळी मात्र मोजायला हरकत नाही, तिथे ३४ आणि ५५ खरोखर सापडतात.

कोलमचं काम प्रदर्शन झाल्यावर घरी करा, घाई नको. तिला ६ × ९ ठिपके मांडून द्या, किती वेटोळी येतील ते आधी कागदाच्या मागे लिहून ठेवायला सांगा आणि मग प्रत्येक वेटोळं वेगळ्या रंगाने काढू द्या. काही अडलं, किंवा १५ ते ८ च्या मापात शंका आली, तर इथेच विचारा. फोटो टाकलात तर नेमकं कुठे अंतर बदलायचं तेही सांगेन.